डबी आणि सुई

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम बारा हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चेहऱ्याचे इंजेक्शन'. आमच्या रजिस्टरमध्ये आजवर जाळं, शीतपेटी, मुलीची फी, गणपतीआधी घराला रंग, एकदा तर सासूबाईंची कवळी अशी कारणं आली आहेत. हे कारण पहिल्यांदाच आलं.

अर्ज करणारी आमची वहिनी पंचेचाळीसची. पहाटे बंदरावर मासळी घेते, दुपारपर्यंत बाजारात बसते, हंगामात उन्हात बोंबील सुकवते. गेल्या वर्षापासून लेकीने घरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईची एक पाहुणी आली आणि वहिनीला म्हणाली, "आजी, चहा मिळेल का?" पाहुणी तिच्याच वयाची होती. तालुक्याच्या पार्लरमध्ये वहिनीला सांगण्यात आलं की क्रीम लावून काही होत नाही, महिन्यातून एकदा मुंबईहून माणूस येतो, तो सुई देतो, आठवड्यात चेहरा गुळगुळीत.

बैठकीत गलका झाला. "हौसेसाठी तोंडाला सुई? त्यापेक्षा चांगली क्रीम घे," असं एकीने म्हटलं. त्यावर वहिनी म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्या दिराच्या मोबाइलला कर्ज दिलंत, तेव्हा कुणी काय विचारलं नाय. माझं तोंड, माझा पैसा." यावर सगळ्या गप्प. आम्हीही गप्प, कारण ती खरं बोलत होती. शेवटी एका सूनबाईने मुद्द्याचं विचारलं: क्रीम आणि सुई यांत नेमका फरक काय? दोन्ही सुरकुत्यांसाठीच ना? आम्हाला उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत वाचून येऊ, असा शब्द दिला. जे वाचलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या किनाऱ्यापासून करू. इथे तोंडाला लावायची पहिली वस्तू म्हणजे तेल. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली लोक फार पूर्वी गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेने सांगतात. पुढे गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाण्याचं तेल जेवणात जायचं, दिव्यात जायचं आणि अंगालाही लागायचं. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं प्रार्थनामंदिर मात्र आजही आहे. तेलाच्या जोडीला घरोघरी हळद, डाळीचं पीठ, दिवाळीचं उटणं.

तेल कातडीत काय करतं? नवं काही घडवत नाही. कातडीतलं पाणी उडू देत नाही, एवढंच. पण कोरडी कातडी ओली राहिली की बारीक रेषा भरून आल्यासारख्या दिसतात. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा वैद्य होता. त्याने तेल, मधमाशीचं मेण आणि गुलाबपाणी घोटून एक लेप केला. त्यातलं पाणी उडताना गार वाटायचं. आजच्या कोल्ड क्रीमची ती पणजी. त्या काळात आपल्या चौल बंदराचा पश्चिमेकडे व्यापार चालायचा, ग्रीक लिखाणात चौलचं नाव येतं. म्हणजे क्रीम ही काही कालपरवाची वस्तू नाही, आणि तिचं मुख्य काम दोन हजार वर्षांत फारसं बदललेलं नाही.

आपल्याकडे बाजारात मिळणारी डबी रुळली ती 'स्नो' या नावाने. आमच्या आजीच्या तोंडी 'स्नो-पावडर' हा एकच शब्द होता. मूळचे राजस्थानातल्या झालरापाटणचे इब्राहिम सुलतानअली पाटणवाला मुंबईत आले आणि १९१९ मध्ये त्यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. अफगाणिस्तानच्या राजाला ती पांढरी क्रीम पाहून आपल्या देशातला बर्फ आठवला, म्हणून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. स्नो म्हणजे चरबीतलं स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार, पाणी आणि ग्लिसरीन. चोळली की दिसेनाशी होते आणि वर पातळ थर उरतो. त्यावर पावडर बसते. सुरकुती घालवण्याचं काम तिच्याकडे नव्हतंच.

डबीकडून मोठ्या अपेक्षा ठेवायला आपल्याला नंतर शिकवलं गेलं. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली आणि गोरेपणा डबीत मिळतो, असं पंचेचाळीस वर्षं सांगितलं गेलं. २०२० मध्ये त्या क्रीमचं नाव बदललं. आता दुकानातल्या फळीवर 'तरुणपणा' दिसतो. आम्हाला तरी हा फक्त पाटी बदलल्याचा प्रकार वाटतो.

याच १९७५ सालची दुसरी डबी आपल्या मराठी घरातली. केशव विष्णू पेंढारकरांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली होती, तिने हळदीची 'विको टर्मरिक' क्रीम काढली. दूरदर्शनवरची तिची जाहिरात ज्यांना आठवते त्यांना हेही आठवेल, की हे प्रसाधन नव्हे, असं त्या गाण्यातच सांगितलेलं असायचं. आम्हाला लहानपणी वाटायचं, गाणं जुळावं म्हणून म्हणत असतील. त्यामागे पैशांचा मोठा प्रश्न होता. सौंदर्यप्रसाधन ठरलं तर उत्पादन शुल्क जास्त, आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी. सरकारी खातं आणि कंपनी यांच्यात हा वाद पाव शतकाहून जास्त चालला. शेवटी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला.

ही कोर्टाची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण वहिनीच्या अर्जाचं कुलूप याच किल्लीने उघडतं. आपल्याकडे १९४० चा कायदा आधी फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनं घेतली, तेव्हा तो औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा झाला. शरीराच्या आतल्या कामात बदल घडवतं ते औषध, आणि त्याच्यासाठी डॉक्टर, चिठ्ठी, मात्रा, दुष्परिणाम हे सगळं आलं. नटवतं, स्वच्छ करतं, मऊ ठेवतं ते प्रसाधन, ते कुणीही विकत घ्यावं. आता एखादी डबी 'मी प्रसाधन' म्हणून दुकानात बसली आणि महिनाभरात सुरकुत्या पुसून टाकते म्हणाली, तर दोनच शक्यता. एक तर ती थापा मारते आहे, नाहीतर तिच्यात न सांगता औषध घातलेलं आहे.

पण सुरकुती मुळात पडते कशाने? आपल्या भाषेने याचं अर्धं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. आपण 'आठ्या' म्हणतो आणि 'सुरकुत्या' म्हणतो. आठी घालतात, सुरकुती पडते. कपाळावरची आठी ही स्नायूची हालचाल असते. राग आला, ऊन डोळ्यांवर आलं, की भुवयांमधले स्नायू आखडतात. रोज तीच घडी पडली की वर्षांनी ती न मोडणारी होते, इस्त्री चुकलेल्या साडीसारखी. सुरकुती मात्र कातडीच्या आतली वीण सैल झाल्याने पडते. वयाने पडते, तंबाखूच्या धुराने पडते, आणि सगळ्यात जास्त उन्हाने पडते.

उन्हाचं एक उदाहरण वाचलं ते डोळ्यांपुढून जात नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला गेला. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून डाव्या गालावर खिडकीच्या काचेतून ऊन यायचं. त्याचा डावा गाल उजव्याहून कितीतरी म्हातारा दिसतो, जाड आणि घड्याघड्यांचा. माणूस एक, वय एक. मग भर दुपारी बंदरावर, मिठागरात, वाळूवर काम करणाऱ्या आपल्या बायांचं काय होत असेल? पाणी आणि वाळू ऊन परत वर फेकतात, त्यामुळे पदर घेतला तरी खालून लागतंच. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. उन्हापासून बचावाची क्रीम रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण, मन होईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. डब्यांच्या फळीवरची ही सगळ्यात साधी डबी. तरी जाहिरातीत तिला मागची जागा.

सैल झालेली वीण काही प्रमाणात परत घट्ट करणारी एक क्रीम आहे, आणि ती औषध आहे. तिचं नाव ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वापासून तयार होणारं आम्ल. १९७१ मध्ये अमेरिकेत ते मुरुमांसाठी मंजूर झालं. त्यामागचे डॉक्टर होते फिलाडेल्फियाचे आल्बर्ट क्लिगमन. त्यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. कैद्यांना थोडे पैसे मिळत, धोक्याची पुरती कल्पना मिळत नसे. १९७४ मध्ये ते प्रयोग बंद झाले, अंगावरचे डाग राहिले. सौंदर्याच्या डबीत तुरुंग असेल, हे आम्हाला हे वाचेपर्यंत सुचलंही नव्हतं.

पुढे मुरुमांसाठी ते लावणाऱ्या थोराड बायका सांगू लागल्या की कातडी तुकतुकीत झाली. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ३० जणांवर १६ आठवडे तपासून पाहिलं, तेव्हा उन्हाने पडलेल्या बारीक सुरकुत्या खरोखर कमी झालेल्या आढळल्या. कमी झाल्या, गेल्या नाहीत. काम सावकाश होतं, महिने लागतात. सुरुवातीला कातडी सोलते, लाल होते, ऊन सोसत नाही. गरोदरपणात लावायचं नाही. दुकानातल्या क्रीमवर 'रेटिनॉल' लिहिलेलं असतं, ते याच कुळातलं पण सौम्य, आणि डबीत किती आहे त्यावर सगळं अवलंबून.

आता सुईकडे वळू. सुईचा इतिहास डबीपेक्षा खूपच लहान, पण जास्त रक्ताचा. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नातल्या रॉबर्ट गेरसुनी या शस्त्रवैद्याने पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीतलं मेण, पातळ करून शरीरात टोचायला सुरुवात केली. लगेच श्रीमंत बायकांमध्ये त्याची फॅशन आली. ग्लॅडिस डीकन नावाची एक रूपवान बाई, जी पुढे इंग्लंडात डचेस झाली, तिने नाक सरळ दिसावं म्हणून मेण भरून घेतलं. ते मेण खाली हनुवटीकडे सरकलं आणि चेहरा कायमचा बिघडला. मेणाच्या गाठी पडायच्या, त्या काढताही यायच्या नाहीत. नंतर १९८१ मध्ये गाईच्या कातडीतलं कोलॅजन अमेरिकेत मंजूर झालं. ते काही महिन्यांत विरघळायचं आणि काहींना सोसत नसे, म्हणून आधी हातावर टोचून बघावं लागे. आज 'फिलर' म्हणून जास्त करून हायलुरॉनिक आम्ल भरतात. हा पदार्थ १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कला गाईच्या डोळ्यातून वेगळा केला होता. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून खड्डा भरतो. चुकलं तर विरघळवायचं औषधही आहे. पण सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवायचं औषध त्याच घडीला हाताशी हवं, आणि देणाऱ्याला येत असायला हवं.

वहिनीला पार्लरमध्ये सांगितलेली सुई बहुधा दुसरी, बोटॉक्सची. तिची गोष्ट स्वयंपाकघरातून सुरू होते.

१८२० च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनस केर्नर नावाचा एक डॉक्टर होता, तो कवीही होता. त्याच्या भागात शिळं सॉसेज खाऊन माणसं मरत. आधी पापण्या लोंबायच्या, मग गिळता यायचं नाही, मग श्वास थांबायचा. त्याने अशा शंभराहून जास्त रुग्णांची टिपणं केली, ते विष स्वतःही चाखून पाहिलं, आणि लिहून ठेवलं की थोड्या मात्रेत याचा कधीतरी औषध म्हणून उपयोग होईल. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावी एका मयताला आलेले बँडवाले खारवलेलं हॅम खाऊन आजारी पडले. त्यांतले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून जंतू शोधून काढला. हवा नसेल तिथे वाढणारा हा जंतू जे विष करतो, ते माणसाला माहीत असलेल्या विषांत सगळ्यात जहाल. (आपल्या लोणच्याच्या प्रशिक्षणात आंबटपणावर एवढा जोर का देतात ते आम्हाला इथे कळलं. पुरेशा आंबटात हा जंतू वाढत नाही.)

हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. निरोप नाही, तर स्नायू आखडत नाही. सॅनफ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी अगदी कणभर मात्रा वापरून तिरळे डोळे सरळ करायचा प्रयत्न केला, आधी माकडांवर, मग माणसांवर. १९८९ मध्ये अमेरिकेत ते तिरळेपणासाठी आणि आपोआप मिटणाऱ्या पापण्यांसाठी मंजूर झालं. दरम्यान १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जीन कारुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पापण्यांचा त्रास असलेली एक बाई यायची. या वेळी कपाळाला सुई का दिली नाहीत, असं तिने नाराजीने विचारलं. तिथले स्नायू आपोआप आखडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, तिथे दिलीत की माझा चेहरा किती शांत दिसतो! जीनबाईंचे नवरे ॲलिस्टर कातडीचे डॉक्टर. रात्री जेवताना गोष्ट निघाली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईने कपाळ पुढे केलं. १९९२ मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केलं, २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी मिळाली. आम्हाला या सगळ्यात ती नाराज झालेली रुग्ण बाई फार आवडली. शोध तिनेच लावला म्हणायचा.

तर सूनबाईच्या प्रश्नाचं उत्तर असं. बोटॉक्सची सुई आठीवर चालते. दोन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण, आणि तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पूर्ववत झाले की आठी परत. म्हणजे बारा हजार एकदा नव्हे, वर्षाला तीन-चारदा. उन्हाने गालावर पडलेलं बारीक जाळं तिने जात नाही. त्याला टोपी, उन्हाची क्रीम आणि धीर असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधी क्रीम. साध्या डबीने कातडी मऊ राहते, दिवसभर बरी दिसते, आणि दोनशे रुपयांची डबी हे काम दोन हजारांच्या डबीइतकंच करू शकते. क्रीम आत स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणून 'बोटॉक्ससारखी' म्हणून विकली जाणारी क्रीम घेऊ नका. आणि सुई प्रसाधन नाही. ते औषध आहे, मग ते पार्लरच्या खुर्चीत बसून घेतलं तरी.

डबी मात्र बिनधोक आणि सुई तेवढी धोक्याची, असंही नाही. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली होती, अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. दुसरी गोष्ट स्टेरॉइडच्या ट्यूबची. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती लावली की चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, सोडली की आग होते.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. स्टेरॉइडचं सांगताना दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतल्या एकीच्या पिशवीतच ट्यूब निघाली.

मग अर्ज पुन्हा पुढे घेतला. अंतर्गत कर्जाला कारण विचारायचं नाही, परतफेड विचारायची, हा आमचा जुना नियम. दिराच्या मोबाइलला लावला तोच वहिनीला लावायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि कर्ज मंजूर झालं. फक्त एक अट घातली. सुई देणाऱ्याचं नाव, त्याचा डॉक्टर म्हणून नोंदणी क्रमांक आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव आधी लिहून आणायचं. वहिनीने तिथेच पार्लरला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून उत्तर आलं, "ताई, हे काय ऑपरेशन आहे का? कॉस्मेटिक आहे फक्त." वहिनीने आमच्याकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

ती दुसऱ्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, गालावरचा काळा डाग दाखवून. लेकीने तिला रुंद कडेची टोपी आणून दिली आहे. बाजारात ती घालून बसली की शेजारच्या हसतात, पण दोघींनी किंमत विचारली. सुईचा विचार तिने सोडलेला नाही. म्हणते, "भाऊबीज होऊ दे, खऱ्या डॉक्टरकडे जाऊन विचारेन, कपाळापुरतं." तिचा अर्ज आम्ही रजिस्टरला टाचून ठेवला आहे. रक्कम अजून उचललेली नाही.